पुण्याहून कोलंबस, इंडियाना: दरवर्षी जावं लागणार असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणच्या एका मशीनिंग कंपनीत प्रोग्राम मॅनेजर आहे. वार्षिक सप्लायर रिव्ह्यूसाठी ऑक्टोबरअखेर १२ दिवस अमेरिकेत कोलंबसला ग्राहकाकडे जायचं आहे. यापुढे दरवर्षी मलाच जावं लागेल, असं साहेब म्हणालेत. पहिलाच परदेशप्रवास, शाकाहारी. तयारी काय करू, आणि शेवटी दोन दिवस रजा टाकून शिकागो पाहून यावं का?

मी २००९ ते २०२३ या काळात, कोविडची दोन वर्षं वगळता, दरवर्षी एकदा कोलंबसला गेलो आहे. म्हणजे १३ खेपा. आमची कंपनीही सुटे भागच करायची, त्यामुळे तुमची परिस्थिती मला नीट कळते.

सगळ्यात आधी तिकीट उघडून बघा. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं बरीच आहेत, आणि त्यातलं मोठं, विमानतळाचं कोलंबस ओहायो राज्यात आहे. तुमचं आहे ते इंडियानातलं, जेमतेम ५० हजार वस्तीचं. तुम्हाला उतरायचंय इंडियानापोलिसला, तिथून दक्षिणेला गाडीने तासाभराचा रस्ता. दुसऱ्या वर्षी आमच्या एजंटाने माझं तिकीट ओहायोचं काढलं आणि ते मला निघायच्या आदल्या आठवड्यात दिसलं. तसाच गेलो असतो तर उतरल्यावर तीन तासांहून जास्त गाडी हाणावी लागली असती. भारतातून इंडियानापोलिसला थेट विमान नाही. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे इमिग्रेशन होतं, सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. म्हणून पुढच्या विमानापर्यंत तीन तास तरी हाताशी ठेवा. अबू धाबीमार्गे गेलात तर हे सगळं अबू धाबीतच उरकतं आणि अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पहिल्या खेपेला तो मार्ग मनाला बरा.

व्हिसा बी-१, म्हणजे व्यावसायिक भेटीचा, असेल. त्यावर बैठका, चर्चा, पाहणी, प्रशिक्षण एवढं चालतं. अधिकाऱ्याने विचारलं तर 'ग्राहकाकडे वार्षिक आढावा बैठक, १२ दिवस, पगार भारतातली कंपनी देते' असं सरळ सांगा. 'काम करायला आलोय' हे आपलं सवयीचं वाक्य मात्र तिथे नको. आणि हे फक्त बोलण्यापुरतं नाही. कधी ना कधी असं होणारच: तुम्ही तिथे असताना तुमच्या पार्टमध्ये बर (कापल्यावर राहिलेली धातूची धारदार कड) सापडेल, लाइन थांबायची वेळ येईल, आणि कुणीतरी सहज म्हणेल, 'तू इथेच आहेस तर दोन दिवस उभा राहून सॉर्टिंग (चांगले-वाईट पार्ट वेगळे करणं) करून देतोस का?' मोह होतो, कारण ग्राहक खूश होणार असतो. पण ते बी-१वर बसत नाही. पैसे जातील, तरी स्थानिक थर्ड पार्टी सॉर्टिंग एजन्सी लावा आणि तुम्ही शेजारी उभं राहून त्यांना दोष दाखवा, गेज (मोजमापाचं साधन) समजावून द्या. निघण्याआधीच पुण्यातून अशा एका एजन्सीचा दर आणि मंजुरी खिशात ठेवा. मी तिसऱ्या वर्षी हे नसताना अडकलो होतो. पुण्यात रात्रीचे दोन वाजलेले, मंजुरी द्यायला कुणी जागं नाही, आणि इकडे ट्रेमध्ये आमचे हजारेक पार्ट.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो.

पहिल्या वर्षी मी एका डिझाइन बदलाचा प्रस्ताव नेला होता. एक चॅम्फर (कडेचा तिरका काप) आणि एक टॉलरन्स (मापातली चालणारी कमी-जास्त) बदलला असता तर आमचं एक ऑपरेशन वाचणार होतं, त्यांनाही दर कमी मिळणार होता. बैठकीत सहा जण. सगळ्यांनी नीट ऐकलं, माना डोलावल्या. प्रमुखाने म्हटलं, 'दॅट्स इंटरेस्टिंग. लेट अस टेक अ लुक.' मी हॉटेलवर येऊन पुण्याला मेल टाकला: तत्त्वतः मान्य. पुण्याने टूलिंगची ऑर्डर दिली. पुढे दीड महिना मेलवर मेल, उत्तर नाही. शेवटी कळलं की त्या बैठकीतच विषय संपला होता. तो पार्ट पुढे ज्या असेंब्लीत जायचा तिचं व्हॅलिडेशन (चाचण्या घेऊन खात्री करणं) नव्याने करावं लागलं असतं, आणि ते करायला कुणी तयार नव्हतं. बैठकीत बसलेल्या सहाही जणांना हे माहीत होतं. समोरच्या पाहुण्याचा हिरमोड कसा करायचा, म्हणून कुणी बोललं नाही.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. पुण्यात कुणी 'बघू या' म्हणालं की आपण समजायचं ते समजतो. त्यांचं 'इंटरेस्टिंग' म्हणजे आपलं 'बघू या'च. फरक इतकाच की आपल्याला त्यांचा सूर ओळखता येत नाही. न्यूयॉर्कचा माणूस तोंडावर नाही म्हणतो म्हणतात. जर्मन ग्राहकाकडे मी स्वतः बसलोय, तो तर ड्रॉइंगवर लाल पेनाने काट मारतो. इंडियानातली माणसं फार सौजन्याने वागतात, आणि त्या सौजन्यापायी नकार कुठेतरी गडप होतो. मग ओळखायचा कसा? होकार असला की लगेच प्रश्न येतात: पीपॅप (उत्पादनाआधी पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) कधी देणार, जुना स्टॉक किती, बदल कोणत्या तारखेपासून. प्रश्न आले नाहीत आणि नुसतं कौतुक आलं, तर नाही समजा. बैठकीच्या शेवटी 'यावर पुढचं पाऊल कुणाकडे आणि कोणत्या तारखेला?' एवढं विचारा. नाव आणि तारीख मिळाली तरच पुण्याला कळवा.

पण याहून खात्रीचा उपाय म्हणजे तुम्हाला खरं सांगेल असा एक माणूस तिथे असणं. तो एका खेपेत मिळत नाही. दरवर्षी एकाच माणसाला पाठवण्यात तुमच्या साहेबांनी, कळत असो वा नकळत, शहाणपणा केलाय तो इथे.

माझा माणूस कसा मिळाला ते सांगतो. मी पहिल्यांदा गेलो त्याच्या आदल्या वर्षी, जून २००८ मध्ये, त्या गावात मोठा पूर आला होता. हॉ क्रीक नावाचा एरवी ओढ्याएवढा प्रवाह फुगला आणि गावाचं रुग्णालयसुद्धा रिकामं करावं लागलं. मी गेलो तेव्हा जो तो पुराबद्दलच बोलायचा. त्यांच्या क्वालिटीमधले एक वयस्कर गृहस्थ मला गाडीतून दाखवत होते, पाणी इथवर आलं, तिथवर आलं. माझ्या तोंडून सहज पानशेत निघालं. १२ जुलै १९६१, धरण फुटलं आणि निम्मं जुनं पुणं पाण्यात गेलं. माझी आई तेव्हा शनिवार पेठेत राहायची, तिच्याकडून ऐकलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास ऐकत राहिले. पुढच्या वर्षी भेटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, 'आई कशी आहे?' चौथ्या वर्षी, एका बैठकीनंतर, पार्किंगमध्ये त्यांनी मला हळूच सांगितलं: 'हा आरएफक्यू (ज्यासाठी दर मागवलेत ते काम) तुम्हाला मिळणार नाही. दुसऱ्याचा दर आधीच ठरलाय, तुमचं कोटेशन फक्त तुलनेला हवंय.' आम्ही त्यावर महिनाभर खर्च करणार होतो. त्या एका वाक्यात माझ्या तोवरच्या सगळ्या तिकिटांचे पैसे वसूल झाले.

म्हणून वही ठेवा. कुणाचा मुलगा बास्केटबॉल खेळतो, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणी नोव्हेंबरच्या मध्याला हरणाच्या शिकारीसाठी रजा टाकतो, सगळं त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. शाळेच्या बास्केटबॉलचं वेड तिथे आपल्या गणेशोत्सवाच्या तोडीचं आहे. कुणी सामन्याला बोलावलं तर जा, नियम कळले नाहीत तरी जा. आणि 'सर' म्हणणं सोडा. व्हाइस प्रेसिडेंटलासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात. पहिले दोन दिवस जीभ अडखळते, मग जमतं.

गावाची थोडी माहिती काढून जा. एवढ्याशा गावात जगातल्या नामांकित वास्तुरचनाकारांच्या इमारती ओळीने उभ्या आहेत, आणि गावकऱ्यांना त्याचा भारी अभिमान आहे. कारण मजेशीर आहे. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी १९१९ मध्ये इथेच सुरू झाली. क्लेसी कमिन्स हा अर्विन नावाच्या सावकार घराण्याकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक होता, भांडवल अर्विननी घातलं. पुढे त्या घरातल्या जे. अर्विन मिलर यांच्याकडे कंपनीची सूत्रं आली. चांगले इंजिनिअर या आडगावात कशाला येतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा: गावाने शाळा बांधायची, आम्ही देऊ त्या यादीतला वास्तुरचनाकार निवडायचा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. १९५७ मध्ये हॅरी वीज यांनी रचलेल्या शाळेपासून हे सुरू झालं आणि मग अग्निशमन केंद्रंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. वाचनालय आय. एम. पेई यांचं, दारात शिल्पकार हेन्री मूर यांची प्रचंड कमान. समोरचं चर्च थोरल्या सारिनेनचं (एलिएल), १९४२ चं, तर गावाच्या उत्तरेकडचं उंच सुळक्याचं त्यांच्या मुलाचं, धाकट्या सारिनेनचं (एरो), १९६४ चं. शनिवारी सकाळी वॉशिंग्टन स्ट्रीटवरून पायी निघा, दुपारपर्यंत निम्मं पाहून होईल. मिलर यांचं घर मात्र आधी बुकिंग केल्याशिवाय बघता येत नाही आणि जागा लवकर संपतात, तेव्हा आजच करा.

पुण्याच्या माणसाला यात आणखी एक धागा आहे. किर्लोस्कर कमिन्स १९६२ ची, कोथरूडची. कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स कॉलेज १९९१ चं. या दोन गावांत निदान दोन पिढ्यांचं येणंजाणं आहे, त्यामुळे वॉलमार्टमध्ये कांदे निवडताना शेजारून 'अगं, हे नको घेऊस' असं ऐकू आलं तर दचकू नका. आणि तुम्ही इंजिनवाले आहात म्हणून: १९३१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्सची डिझेल गाडी ५०० मैल एकदाही न थांबता धावली. १९५२ मध्ये तर डिझेल गाडीनेच पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली, पण ७१ फेऱ्यांनंतर ट्रॅकवरच्या कचऱ्याने टर्बोचार्जरचं तोंड तुंबलं आणि गाडी बाहेर. हा किस्सा जेवणाच्या टेबलावर काढून बघा. समोरचा तुम्हाला तिसराच तपशील सांगेल आणि मग बोलणं थांबत नाही.

ही शर्यत मेच्या शेवटच्या आठवड्यात असते. पुढल्या वर्षी तारीख ठरवताना तो आठवडा टाळा, हॉटेलं आवाक्याबाहेर जातात. थँक्सगिव्हिंगचा (नोव्हेंबरअखेरच्या सणाचा) आठवडाही नको, कुणी भेटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी इतकी की पार्किंगमधून दारापर्यंत चालताना कान दुखतात. ऑक्टोबर सगळ्यात चांगला. पश्चिमेला अर्ध्या तासावर ब्राउन काउंटीचं जंगल आहे, मेपल लाल-केशरी होतात. रविवारी त्या रस्त्याला सिंहगडच्या पायथ्याशी असते तशी गाड्यांची रांग लागते, म्हणून सकाळी आठच्या आत पोचा.

ऑक्टोबरअखेरची एकच भानगड आहे, घड्याळाची. तोवर पुणे साडेनऊ तास पुढे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. तुमची खेप या रविवारवरून जात असेल तर पुण्यातल्या मंडळींना आधी बजावून ठेवा. पुण्याशी बोलायची वेळ एकच ठरवा: तिथे घड्याळ बदलण्याआधी सकाळी सात, नंतर सहा, म्हणजे इथे दुपारचे साडेचार. तसेही पहिले चार दिवस तुम्हाला पहाटे तीनला जाग येणारच आहे. रात्रीचे कॉल घेऊ नका. पुण्यात सकाळी दहाला ऑफिस भरलं की तिथे मध्यरात्र उलटलेली असते, आणि आपल्या लोकांना ते कधीच लक्षात राहत नाही. मी फोन बंद करून झोपायचो. एकदा त्यावरून बोलणीही खाल्ली, तरी सवय सोडली नाही.

तिथला दिवस लवकर सुरू होतो. आठची बैठक म्हणजे आठलाच. साडेअकराला जेवण, साडेचारला पार्किंग रिकामं, रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला. कुणी सहाला घरी बोलावलं तर सहाला पोचा, साडेसहाला जेवण निवत पडलेलं असेल.

शाकाहाराची आता तितकी अडचण नाही. गावात भारतीय जेवण मिळतं, किराणाही मिळतो. गोची होते ती ग्राहक जेवायला नेतो तेव्हा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आणि फरसबीच्या भाजीत हमखास डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. वेट्रेसला स्पष्ट विचारा, त्यांना राग येत नाही. भाजलेला बटाटा, ग्रिल्ड चीज सँडविच, सॅलड यांवर निभतं. वॉशिंग्टन स्ट्रीटवर झाहाराकोस नावाचं १९०० सालापासूनचं आइस्क्रीमचं दुकान आहे, तिथे मात्र निर्धास्त जा. बिलात ७ टक्के विक्रीकर वरून लागतो, शिवाय १८ ते २० टक्के टिप. मेन्यूतला भाव बघून खिसा चाचपू नका, त्यात चौथा हिस्सा मिळवून चाचपा.

सामानात मेतकूट, गोडा मसाला नेणार असाल तर मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ३५० मिलिलीटरहून जास्त पूड दिसली की उघडून तपासतात. कढीपत्ता अजिबात नको, ताजा-वाळका कसलाही. त्यावरच्या किडीतून संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग लागतो म्हणून तिथे बंदी आहे. खाद्यपदार्थ आहेत का विचारलं तर 'आहेत' म्हणा. लपवल्यास दंड, सांगितल्यास बहुधा नुसतं 'काय आहे?' तुमच्या तारखा दिवाळीच्या आसपासच्या आहेत, तेव्हा ऑफिससाठी फराळ न्या. चकल्या आणि बेसनाचे लाडू हातोहात संपतात. चिवडा नेलात तर डब्यावर मोठ्या अक्षरांत 'शेंगदाणे आहेत' असं इंग्रजीत लिहा, तिथे ही ॲलर्जी लोक फार गंभीरपणे घेतात. दुसऱ्या वर्षीपासून लोक चकलीची वाट बघतात, हे अनुभवाने सांगतो.

गाडीशिवाय त्या गावात हातपाय बांधल्यासारखं होतं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ लायसन्सही जवळ ठेवा, भाड्याच्या गाडीचा पूर्ण विमा घ्या. पण पोचल्या दिवशी गाडी चालवू नका. वीस-बावीस तासांच्या प्रवासानंतर, उजव्या बाजूने, रात्री, ट्रकांनी भरलेल्या आय-६५ महामार्गावर हे धाडस मी एकदा केलंय. एका क्षणी डोळा लागला आणि कडेच्या खडबडीत पट्टीच्या आवाजाने जाग आली. विमानतळाजवळ झोपा, सकाळी निघा. चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असेल तिथे पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला तो आधी जातो. पोलीस नसला तरी हे पाळतात, बघत राहावंसं वाटतं. शाळेची पिवळी बस लाल दिवे लावून उभी असेल तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं, मध्ये दुभाजक असेल तरच सूट. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. एक गेलं की लगेच वेग वाढवू नका, मागे दुसरं असतं.

राहिला शिकागोचा प्रश्न. जरूर बघण्यासारखं शहर आहे, पण या वर्षी शेवटी रजा टाकून नको. पहिल्या खेपेचा शेवटचा शुक्रवार बैठकांनंतर मोकळा ठेवा. 'जरा दहा मिनिटं बसू या का' हे लोक त्याच दिवशी म्हणतात, आणि तुम्ही बॅग घेऊन दारात उभे असाल तर म्हणत नाहीत. जायचंच असेल तर मधल्या शनिवारी पहाटे निघा, गाडीने चारेक तास लागतात. शिकागोचं घड्याळ कोलंबसच्या एक तास मागे असतं. जाताना तो तास फुकट मिळतो आणि येताना कापला जातो. सोमवारी आठची बैठक असेल तर रविवारी दुपारी जेवून लगेच गाडीत बसा.